मागच्या दाराची काच

निघताना मुकादम मिस्त्रींनी माझ्याच फ्रीजवरचा लोहचुंबक मागितला.
हापूस आंब्याच्या आकाराचा, रत्नागिरीच्या स्टँडवर घेतलेला.
"पत्रा असेल तर आंबा चिकटेल,
लांबी भरलेली असेल तर पडेल."

नेरूळ, सेक्टर सोळा. स्टिल्टखाली राखाडी गाडी,
एमएच त्रेचाळीस, चौदा सालची.
रिक्षातच मी मोबाईलवर चलनं पाहून ठेवली होती:
एक सिग्नलचं,
एक खारघरच्या हॉस्पिटलच्या गेटसमोर, नो पार्किंग.
दोन्ही भरलेली.

तेंडोलकर निळी फाइल घेऊन खाली आले.
संपलेल्या पीयूसीसुद्धा स्टेपल करून.
बँकेची एनओसी प्लास्टिकमध्ये.
असा माणूस एक तर फार सरळ असतो
किंवा फार तयारीचा.

आंबा बॉनेटला चिकटला. चारी दारांना चिकटला.
मिस्त्रींनी सीटबेल्ट पार शेवटापर्यंत ओढला,
पुरात बसलेल्या गाडीच्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते म्हणे,
कितीही शाम्पू करा.
रेघ नव्हती.
मॅट उचलून नाक लावलं. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली.

मी सर्व्हिस बुक वाचत होते.
शिक्के हजेरीपटासारखे, दर सहा महिन्यांनी.
माझ्या लग्नाआधी पत्रिका पाहिली होती,
छत्तीसपैकी एकोणतीस.
सर्व्हिस बुक कुणी मागितलं नाही.
असो. तो विषय वेगळा.

मग अठरा सालचं पान:
पाच महिन्यांत नऊ हजार किलोमीटर.
आणि त्याच्या खाली
पंधरा महिन्यांत एकशे चाळीस.

मिस्त्रींच्या भुवया वर गेल्या.
मीटर मागे फिरवला की कागदात अशीच दरी पडते.
"साहेब, हे काय?"

"दिवसातून दोनदा खारघरला जायचो," तेंडोलकर म्हणाले.
"मग जायचं कारण उरलं नाही.
रविवारी चालू करून बिल्डिंगला दोन फेऱ्या मारायचो.
बॅटरी उतरू नये म्हणून."

मला चलन आठवलं. मी बोलले नाही.

मिस्त्री मात्र काचांजवळ वाकले होते.
प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत
तिचं साल असतं, हे मला त्या दिवशी कळलं.
तीन काचा चौदाच्या.
मागच्या डाव्या दाराची, अठराची.

"ठोकली होती?"

"नाही. फोडली. मीच.
किल्ली आत राहिली, आणि तिच्या औषधांची पिशवी.
किल्लीवाला वीस मिनिटांत येतो म्हणाला.
पेव्हर ब्लॉक पडला होता बाजूला."

"क्लेम दिसत नाही इन्शुरन्सला."

"फॉर्मवर कारण लिहावं लागतं," तेंडोलकर म्हणाले
आणि फाइलचं बटण दाबून बंद केलं,
ते लागलं नाही, पुन्हा दाबलं.

मिस्त्रींनी मला खांबामागे नेलं.
"गाडी सरळ आहे. घ्या डोळे झाकून.
पण काच बदललेली आहे ना,
तिच्या नावाने पाच तोडून बघू?"

नको, असं म्हणायला हवं होतं.
इथे तेच शोभलं असतं.
पण माझे पैसेही मोजलेलेच होते,
मुलीच्या क्लासची फी त्यातूनच बाजूला काढलेली.
मी म्हटलं, बघा.

तीन कमी झाले.
तेंडोलकरांनी घासाघीस केली नाही,
तेवढं मात्र घरी येईपर्यंत
दाताखाली खड्यासारखं राहिलं.

रात्री फ्रीजवरचं दुधाचं बिल खाली पडलेलं दिसलं
तेव्हा आंब्याची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी टोकन द्यायला गेले.
गाडी धुऊन पुसून ठेवली होती,
टायरच्या खाचांतली मातीसुद्धा काढलेली.
आंबा मागच्या डाव्या दारावर तसाच.
त्याच्याभोवती
धुळीचं एक बोटभर कडं,
फडकं तिथे वळून गेलेलं.