कुठला संच सोडायचा

आठ जण गोल टेबलाभोवती बसलेत.
पाच जणांची तोंडं आत, तिघांची बाहेर.
'क' हा 'ग'च्या डावीकडे तिसरा.
'प'ला 'त'च्या शेजारी बसायचं नाही.
कारण दिलेलं नाही.
भांडले असतील, पण भांडणाला गुण नसतात.

लायतुमखराच्या चढावर, बेकरीच्या वरच्या खोलीत
आम्ही अकरा जण, पावाचा वास,
आणि हातात घड्याळ धरलेले बाह् वान्सुक:
'चाळीस मिनिटं. चार संच.
सोडायचा कुठला, ते आधी ठरवा.'
सोडवायचा नव्हे. सोडायचा.
पहिल्या आठवड्यात मला वाटलं,
सर बोलताना एक अक्षर गिळतात.

मग नातेसंबंध.
फोटोतल्या मुलीकडे बोट दाखवून एक माणूस म्हणतो,
'हिच्या आईचा एकुलता एक भाऊ
म्हणजे माझ्या वडिलांचा एकुलता एक मुलगा.'
सरळ म्हण ना बाबा, मी हिचा मामा!
पुस्तकात सगळे बाण बापाकडून खाली उतरतात.
माझी पेन्सिल आईपासून निघते,
आमच्यात आडनाव आईचं, घर धाकट्या मुलीचं,
शेवटचा शब्द मामाचा.
उत्तर तेच येतं,
फक्त वीस सेकंद जास्त लागतात.
'परीक्षेपुरतं बापाचं घर धरून चाल, दायाफिरा.'
धरलं.

मी खद्दुह. तिघींत शेंडेफळ.
थोरलीनं मावलायला वेगळी चूल मांडली,
मधली तुराला नर्स.
शेंडेफळ म्हणजे लाड असं कुणाला वाटत असेल
तर त्यांनी आमच्या किल्ल्यांचा जुडगा
एकदा हातात धरून बघावा.

रात्री तक्ते.
पाच कंपन्या, सहा वर्षं, सायकलींची विक्री हजारांत.
चौथ्या वर्षी 'ज' कंपनी कोसळते.
का कोसळली ते कुणी विचारत नाही,
किती टक्क्यांनी, ते विचारतात.
समोर आई उद्याच्या सुपाऱ्या निवडते,
चार-चारांचे वाटे लावते.
येवदुहच्या बाजारात तिचा गाळा तेवीस पायऱ्या खाली.
मी कच्च्या कागदाच्या पाठीवर तिचा आलेख काढला:
गुडघा सुजल्याचे दिवस, आणि विक्री.
एक रेघ वर गेली की दुसरी खाली.
'याला काय म्हणतात?'
'व्यस्त प्रमाण.'
'असं होय,' आई म्हणाली, 'आम्ही याला जिना म्हणतो.'

रविवारी मामा आला. जेवला.
माझी वही हातात घेऊन उलटीसुलटी केली.
मागच्या पानावर मीच लिहिलं होतं:
प्रश्न. दायाफिरा शिलाँग सोडेल का?
विधान एक. चांगल्या संस्था दोन दिवसांच्या प्रवासावर आहेत.
विधान दोन. मुली कितीही असोत, धाकटी एकच असते.
एकटं पहिलं पुरेसं. एकटं दुसरं पुरेसं.
दोन्ही मिळून पुरेसे.
दोन्ही मिळूनही अपुरे.
चौथ्या पर्यायावर पेन्सिल टेकवल्याची खूण होती,
गोल नव्हता.
मामानं सगळं वाचलं. वेळ लावून वाचलं.
क्वाई गालात सरकवली,
लाल ओठांनी आईकडे बघत म्हणाला,
'आज चुना जास्त झालाय.'
वही मिटून माझ्याकडे दिली, दोन्ही हातांनी.

आज सतरावी चाचणी.
पुन्हा टेबल, पुन्हा आठ जण.
बाहेर तोंड केलं की डावं उजवीकडे जातं,
हे आता बोटं मोजल्याशिवाय कळतं.
शेजारी तरी तेच राहतात,
फक्त दिसत नाहीत.

घड्याळ सुरू.
पहिला संच वाचला. जमण्यासारखा होता.
पाच माणसं, पाच शहरं, कोण कुठे गेलं.
त्याच्या डोक्यावर बारीक फुली मारली,
खोडता येईल इतकी फिकी,
आणि दुसऱ्याकडे वळले.