कुलूप बाहेरून

तिसऱ्या रात्री वेरूळच्या लॉजवर
मॅनेजरनं पुन्हा बाहेरून कडी घातली.
आम्ही पाच मेंबर, तीन बाया, दोन बापे,
मोबाईल पहिल्याच दिवशी पिशवीत जमा.
देवदर्शनाची ट्रिप म्हणाले होते.

मला बाप आठवला. पेत्रस दुशिंग,
कॅटेकिस्ट, एका सायकलीवर चार गावं.
कंदील मोठा करून सांगायचा
व्हितेर्बो नावाच्या गावाची गोष्ट:
परमगुरू वारले, पुढचा ठरेना,
कार्डिनल नुसते बसून, वर्ष उलटलं.
शेवटी गावानंच दाराला कुलूप ठोकलं,
आत फक्त भाकर आन् पाणी,
तरी ठरेना, तेव्हा छप्पर काढलं.
"पत्रे काढले?" आम्ही पोरं विचारायचो.
"पत्रेच समज. डोक्यावर पाऊस आला
की माणसाला सुचतं."
एकूण पावणेतीन वर्षं लागली,
हे मात्र तो हळूच सांगायचा.

त्याच्याही आधी म्हणे लोकच निवडायचे,
अख्खं रोम ओरडून नाव घ्यायचं.
एकदा शेतावरून आलेल्या कुणाच्या डोक्यावर
कबुतर बसलं, तोच परमगुरू.
मग राजे आले, भाऊबंद आले, पैसा आला.
मग कुलूप.

इथं मटण आहे, दोन्ही वेळा.
कुलूप लावणारेच आग्रहानं वाढतात.
तिथं दाराबाहेर गाव उभं होतं,
इथं काळ्या काचांची गाडी.

पदराला एक सुई टोचलेली असते माझ्या,
शिवणकामाची सवय.
बाप सांगायचा, मोजलेल्या चिठ्ठ्या
तिथं सुईनं दोऱ्यात ओवतात,
नेमकी "मी निवडतो" या शब्दांतून सुई काढून,
मग अख्खी माळ जाळतात.
ठरलं नाही तर ओलं काड घालायचे,
काळा धूर निघायचा.
"ओल्या पऱ्हाटीचा निघतो तसा?"
आई चुलीपुढून डोळे पुसत म्हणायची,
"मग माझ्याकडं रोजच ठरत नाही."

उद्या दहाला गाडी पंचायतीपुढं लागेल.
नाव आधीच सांगून ठेवलंय, दोनदा वदवून घेतलंय.
पण चिठ्ठीवर खूण करताना
घडीभर सगळ्यांकडं पाठ असेल माझी.

कौसाबाई झोपेत कूस बदलते.
मी ओठांतल्या ओठांत म्हणून बघते,
मी निवडते.
बाईच्या तोंडी शब्द जरा वेगळा लागतो.

वर बघते.
स्लॅब आहे.