कांदे राहिले

चिठ्ठी एस्तेरच्या अक्षरात, माझ्या खिशात:
कांदे दोन किलो, दही, कोथिंबीर,
वाळकी काळी लिंबं (मागच्या वेळी ओली आणलीस),
आणि खाली दोन रेघा मारून: लवकर.
ती सकाळपाळीला, आरोग्य केंद्रात.
मी तिच्या व्हिसावर आलेला नवरा,
माझी पाळी एवढीच.

रस्त्यानं दुकान दहा मिनिटं.
मी फलजाच्या कडेनं जातो.
निझव्यापासून तासाभरावरचं हे गाव,
आणि डोंगराच्या पोटातून निघालेला हा हातभर रुंद पाट,
चुन्यानं लिंपलेला, कड एका पावलाची.
दुसरं पाऊल पहिल्याच्या पुढेच टाकावं लागतं.
घाई करणारा भिजतो.

एकवीस वर्षं मी मुळेच्या उजव्या कालव्यावर होतो.
दारं उघडायची, मोजपट्टी वाचायची,
टोकाकडच्या लोकांच्या शिव्या खायच्या.
पलीकडच्याशी बोलायला ओरडावं लागे.
इथं बोटाएवढे मासे
प्रवाहाकडे तोंड करून
एकाच जागी पोहत राहतात,
सरकारी नोकरीत असल्यासारखे.

गावात शिरताना पहिलं तोंड पिण्याचं.
तिथं कुणी पाय बुडवत नाही, मीही नाही.
मग मशीद. मग बायकांची न्हाणी,
तिथं मी पाट सोडून भिंतीमागून जातो, खोकत.
मग खजुरी, खजुरींखाली लिंबं,
लिंबांखाली लसूणघास.
लसूणघास! आमच्या बांधावरची तीच, त्याच वासाची.
एक तुरा तोडून चावला.
नोआखालीचा जोयनाल विळा थांबवून हसला,
"घर में खाना नहीं मिला?"

खल्फान काठीपाशी बसलेला.
जमिनीत रोवलेली कांब, पुढं दगडांच्या खुणा.
सावली एका दगडावरून दुसऱ्यावर गेली की एक अथर,
म्हणजे अर्धा तास,
म्हणजे कुणाच्या तरी आजोबांनी विकत घेतलेला अर्धा तास,
नातवांत वाटून वाटून
आता एकेकाला सात मिनिटं.
मनगटावर घड्याळ आहे त्याच्या, चांगलं जपानी.
पाण्याला ते चालत नाही, म्हणतो.
मला एवढंच अरबी येतं: पाणी, सावली, नाही.

फोन वाजला, मस्कतहून मुलगा.
तो रेंज शोधत गढीच्या पायऱ्यांकडं निघाला
आणि जाताना मला बोटानं दाखवलं:
सावली त्या दगडावर आली की
ही शिळा काढ.

मी उकिडवा बसलो.
सावली चालते म्हणतात. चालत नाही.
आपलं लक्ष नसताना ती पुढं जाऊन बसलेली असते.
चार वर्षांत इथं कुणी
मला काही सांभाळायला दिलं नव्हतं.

टेकली.
चिंध्या नि चिखल कोंबलेली शिळा;
आधी वरची कड सैल करायची, मग ताणायचं,
हात विसरले नव्हते.
पाणी जरा घुटमळलं जुन्याच वाफ्यापाशी,
मग कोरड्या दांडात शिरलं,
पाचोळा पुढं ढकलत,
म्हाताऱ्या हुमैदाच्या अकरा खजुरींकडं.

खल्फान परत आला. पाणी बघितलं, मला नाही.
"झैन," म्हणाला.
एकवीस वर्षांत एका शाखा अभियंत्यानंही मला कधी...
जाऊ दे.

मोइदीनकुट्टीचं शटर खाली.
एक ते चार बंद, पाटीवर तीन लिप्यांत,
आपली त्यात नाही.

घरी आलो तेव्हा हातात खल्फानची पिशवी,
सतरा लिंबं, सगळी ओली,
आणि लसूणघासाची पेंढी, जोयनालकडून.
आमच्याकडं बकरी नाही.

एस्तेर अडीचला आली, बूट काढले,
ओट्याकडं बघितलं.
"कांदे?"
मी म्हटलं, आज एक दार उघडलं.
ती लिंबं मोजत राहिली, मोजून झाल्यावर पुन्हा एकदा.
"चारला उघडेल," म्हणाली,
"या वेळी रस्त्यानं जा."
बरं, म्हटलं.
चपला अजून ओल्या होत्या.