माप

फहाहीलमधलं माझं दुकान. जुन्या वहीत
मिशारी: छाती बेचाळीस, गळा सोळा.

बसऱ्याच्या कैदेतून तो मार्चात सुटला.
तेलविहिरी जळत होत्या; भरदुपारी दिवा लावून
माप घेतलं. छाती चौतीस.
गळ्याशी टेप नेली, तर मागे सरकून
भिंतीला चिकटला. बराच वेळ.
म्हटलं, राहू दे, अंदाजाने शिवतो.

दिशदाशात माया मात्र भरपूर ठेवली.
महिना-दोन महिन्यांनी तो यायचा,
चहा घ्यायचा, बोलायचा नाही.
मी बगलेची शिवण उसवून
बोटभर सोडायचो.

परवा, ईदेच्या गर्दीत
टेप त्यानेच उचलली,
गळ्याभोवती घेतली,
आत एक बोट घातलं.
"साडेपंधरा. लिही."

हात थरथरत होता त्याचा.
मी लिहिलं,
पेन्सिलीनं.