दोन फुटाले एक

अंगणवाडीच्या भिंतीवर निळीची रेघ,
दोरी झटकून मारलेली.
इस्तारीकाका म्हणतात, दोन फुटाले एक सॅडल,
डब्ब्यापासून वीतभर.
ठेकेदार म्हणतो, चारवर मार ना, कोण मोजते?

मे महिना मोजते, बापू.
पत्र्याखाली पाईप दुपारी पोट सोडते,
मंग पोट्टे त्याले पिशव्या टांगतेत.

विटेत माती जास्त.
गिट्टी फिरते, स्क्रू नुसताच गरगरतो.
काका सागाची खुंटी तासतात,
ठोकतात, भिंतीला कान लावतात,
आत कोणी आहे का बघावं तसे.

मी खाली, शिडी धरून.
एकवीस सॅडल ठेकेदाराचे.
वरचे वीस त्यांच्या खिशातले;
चढताना खिसा वाजत होता,
आता वाजत नाही.

मीटर अजून यायचं आहे.
पाईप सरळ आहे.