फक्त पहिल्या यादीत

दोंडाईच्याला जानेवारीत कुणी भरून श्वास घेत नाही.
पथारीवर मिरची पडलेली असते मैलभर,
आणि हिशेबाच्या खोलीत कीबोर्डच्या फटींत
तिचीच लाल भुकटी.
एंटर दाबलं की मी शिंकते.

शेठनं दोन याद्या दिल्या.
एक हजेरीची, देठं खुडायला कोण कोण आल्या.
एक पगाराची, कुणाच्या हातात पैसे पडले.
"जुळव शनिवारच्या आत," म्हणाला
आणि गाडी काढून शहाद्याला गेला.

चारशे सदोतीस ओळी.
बोट ठेवून वाचायला बसले,
तर दुसऱ्या यादीपर्यंत पोचेस्तोवर
बोट पहिलीतलं नाव विसरायचं.
यासाठी एखादी कमांड असणार, एवढं ठाऊक होतं.
तिचं नाव ठाऊक नव्हतं.

मॅन्युअल सगळं सांगतं,
फक्त आधी त्याला नाव सांगावं लागतं.
म्हणजे वाण्याकडे जाऊन म्हणावं,
ते द्या हो, ते, ज्यानं ते करतात,
आणि त्यानं न बोलता फळीकडे बोट करावं:
दोन हजार डबे, झाकणं घट्ट,
लेबलावर दोन-दोन, चार-चार इंग्रजी अक्षरं.

फरक, असं विचारलं.
त्यानं डिफ काढून दिलं.
टेबलावर बाणांचा ढीग, काही इकडे टोक केलेले, काही तिकडे,
जसं कुणी काट्याकुट्याची पाटी उपडी केली.
जुळणी, असं विचारलं.
जॉइननं जुळलेल्या बायका आणून उभ्या केल्या.
अरे, त्यांना मिळालेत ना पैसे!
एकमेव, म्हटलं.
युनिकनं सारख्या दोघींतली एक पुसून टाकली,
शांतपणे, काही न विचारता.

चहावर साय धरली.
बाहेर राखणदारानं शेकोटीत पोत्याचा तुकडा टाकला.
आणि युनिकच्या पानाच्या अगदी तळाशी,
लिहिणाऱ्याच्या नावाच्याही खाली,
जिथं कुणी उतरत नाही तिथं,
'हेही पाहा'.
पुढे चार अक्षरं. कॉम.
मी आधी 'काम' वाचलं.

तीन रकाने पाडते ती.
फक्त पहिलीत. फक्त दुसरीत. दोन्हींत.
अट एकच, याद्या आधी क्रमानं लावलेल्या हव्यात.
ही अट पहिल्याच ओळीत होती;
मला तिसऱ्या खेपेला दिसली.

पहिल्या रकान्यात तेवीस.
आल्या, खुडलं, पैसे नाहीत.
दुसऱ्यात अठरा.
पैसे नेले, आल्याच नाहीत.
चोरी! मी खुर्चीवरून उठलेच.

मग नीट बघितलं.
हजेरीत ठगुबाई, पगारात ठगूबाई.
इंदुबाई, इंदूबाई. भिकुबाई, भिकूबाई.
सुपडाबाईच्या मागं एक मोकळी जागा,
न दिसणारी, पण होती.
मुकादम कानाला लागेल तसं लिहितो,
कॅशियर शाळेत शिकला तसं.
कमांडला ऱ्हस्व आणि दीर्घ म्हणजे दोन वेगळ्या बायका.
हे कुठल्या पानावर नव्हतं.
हे सातवीतल्या वाणी बाईंनी
माझ्या वहीवर लाल शाईनं लिहून ठेवलेलं.

अठरा जोड्या लावल्या.
दुसरा रकाना रिकामा झाला.
पहिल्यात पाच उरल्या.
पाचही एकाच तारखेच्या, सतरा डिसेंबर.
कॅशियर त्या दिवशी साक्रीला लग्नात होता.
उद्या या, म्हटलं असणार कुणीतरी.

सकाळी शेडमध्ये गेले, कागद घेऊन.
नाकातोंडावर पदर बांधलेल्या,
नुसते डोळे, सगळ्यांचे सारखेच लाल.
दाराजवळची म्हणाली,
"माय, मन्हं नाव शे का तठे?"
शे, म्हटलं. पहिल्या रकान्यात.
तिला रकाना कळला नाही.
पैसे कळले.

बाकीची मी मोठ्यानं वाचली.
हाक मारताना ऱ्हस्व-दीर्घ कुठं लागतं?
झेलाबाई वळली. भुराबाई वळली. वेडूबाईही.
पाचवी आज आली नव्हती.
तिचं नाव मी परत एकदा घेतलं,
आणि शिंकले.