हातचा

फॉर्मवर प्रश्न होता : शाळा संपल्यानंतर खेळलात का?
त्याने लिहिलं, हो. रविवारी.

कुणी शोधायला गेलं नसतं.
कॅन्ससच्या त्या टोकाला, जिथे ज्वारी संपते
आणि कत्तलखान्याचा वास सुरू होतो,
तिथल्या मैदानाची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.
पण एलिसेओ इश्कोयने अक्षरसुद्धा नीट काढलं होतं,
आणि पुढे, न विचारता : गोलकीपर.

खेळाडूंची पात्रता तपासणं हे माझं काम.
एकोणीस वर्षं, एकाच कॉलेजात, एकाच खिडकीशी.
नियम म्हणतो, शाळेनंतरचं पहिलं वर्ष माफ.
मग ज्या ज्या वर्षी संघटित खेळात उतरलात
त्या प्रत्येकाचा एक हंगाम वजा, चारातून.
संघटित म्हणजे काय, तेही नियमच सांगतो :
पंच असेल, किंवा गुण मोजले असतील,
किंवा गणवेश एकसारखा असेल.
यांतलं एकही पुरे.

मी त्याला बोलावलं.
डाव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नव्हती.
बापाचा खांदा गेला तेव्हा त्याच्या जागी
हा सुरी घेऊन पट्ट्यापाशी उभा राहिला, पाच वर्षं.

पंच होता?
फादर होते. शिट्टी होती. ऑफसाइड त्यांना कळायचं नाही.
गुण?
शीतगृहाच्या भिंतीवर, खडूने. पाऊस आला की बरोबरी.
गणवेश?
खाटकाने दिलेला. पाठीवर डुक्कर.

मला हसू आलं,
आणि हसता हसताच मी तिन्ही चौकोनांत खुणा केल्या.
पाचातलं एक माफ. चारातून चार.
हातचा घ्यावा तर शेजारच्या घरातही काही नव्हतं.

त्याच सकाळी दुसरी फाइल. प्रेस्टन व्हिटलॉक, तोही गोलकीपर.
आठवीत दोनदा बसवलेला, नापास न होता;
मग फ्लोरिडातली अकादमी, आहारतज्ज्ञ,
झोप मोजणारं घड्याळ.
त्याची शाळा संपलीच नव्हती.
बापाने फी भरून लांबवली होती.
चारातून शून्य.

मापात पाप नाही, हे मी शपथेवर सांगेन.
पण माप भरायला येताना
एकाने पिशवी घरूनच मोठी शिवून आणली होती.

कोच पेनर म्हणाला, नियम काढ,
मग बघ पंचविशीतले बाप्ये कसे उतरतात
अठराच्या पोरांवर.
खरं आहे. मी पाहिलंय.
आमचा वेंडेल, पहिल्याच महिन्यात, गळ्याचं हाड.
समोरच्याला दोन मुलं होती, गॅलरीत बसलेली.
त्यानंतर नियम मागणारं जे पत्र गेलं
त्यावर तिसरी सही माझी.

तरी अपील लिहिलं. मुद्दा एकच :
गोलकीपरचा वेश संघासारखा नसतोच.
फोटो जोडला. दहा पाठींवर डुक्कर,
अकरावा बापाच्या पिवळ्या रेनकोटात.
शिट्टीबद्दल मी गप्प राहिले, खडूबद्दलही.
एलिसेओने वाचलं, सावकाश, दोनदा.
म्हणाला, खडूचं राहिलं.

मग खडूचंही लिहिलं.
उत्तर दोन ओळींत आलं. त्यातली एक तारीख होती.

सराव करायला मनाई नाही.
शनिवारी सामना असला की तो जाळीमागे उभा असतो,
बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायला.
प्रेस्टन झेपावतो त्याच्या अर्धा क्षण आधी
जाळीमागे दोन हात उठतात,
डावा जरा वाकडा.

पुढच्या वर्षीचा फॉर्म शुक्रवारी छापायला द्यायचाय.
तो प्रश्न सहाव्या क्रमांकावर आहे.
मी अजून हात लावलेला नाही.